थर्माकोलची कबर विरघळते, रबरी वटवाघूळ चिकटत राहतं : भुताटकीच्या सजावटीवर स्प्रे मारताना होणारे नेहमीचे घोळ

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत ऑक्टोबर संपत आला की मुलं हॅलोविनसाठी पार्किंगच्या कडेला स्मशान मांडतात. कबरी, कवट्या, वटवाघळं, पिंपळावरचा मुंजा, सगळं. रंगाचं खातं माझ्याकडे आहे. पहिल्या वर्षी फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल कापून कबर केली, पुठ्ठ्याचं स्टेन्सिल धरलं आणि काळ्या स्प्रेने लिहिलं, ‘दुपारी १ ते ४ उठवू नये’. अक्षरं झकास उमटली. स्टेन्सिल उचलेपर्यंत ती आत बसायला लागली होती. कडा आपोआप मागे सरकत होत्या, दाणे एकेक करून गायब होत होते, आणि पाच मिनिटांनी ‘४’च्या पोटातून पलीकडची मोटरसायकल दिसत होती.

तेव्हापासून दरवर्षी कोणी ना कोणी हात काळे करून दारात उभं असतं. ‘काकू, डबा खराब निघाला.’ इतक्या वर्षांत खरंच खराब निघालेले डबे मोजायला एका हाताची बोटंही लागत नाहीत. रंग कशावर मारला आणि कुठल्या वेळी मारला, हे दोन प्रश्न विचारले की बहुतेक वेळा चोर सापडतो. म्हणून खाली लक्षणं देते. आपलं लक्षण शोधा आणि तेवढंच वाचा.

खड्डे पडताहेत, वस्तू आत बसतेय

वस्तू थर्माकोलची आहे. थर्माकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरीन, त्यात ९८ टक्के हवाच. स्प्रेच्या डब्यात रंग पातळ राहावा म्हणून अ‍ॅसिटोन, टोल्युईन, झायलीन असली द्रावकं घातलेली असतात, आणि पॉलिस्टायरीन त्यांत चहातल्या साखरेसारखं विरघळतं. रंग बाहेर ढकलणारा वायू डायमिथाइल ईथर असेल तर तोही त्याच जातीचा. थर्माकोल उष्णतेने वितळत नसून द्रावकात विरघळतोय हे एकदा लक्षात आलं की ‘सकाळी गारव्यात मारू का’ हा प्रश्नच उरत नाही. गारव्यातही विरघळणार.

शंका असेल तर वस्तूच्या मागच्या बाजूला नेलपॉलिश रिमूव्हरचा एक थेंब टाकून बघा. खळगा पडला तर स्प्रे थेट मारायचा नाही.

सगळे फोम सारखे नसतात, इथे बरेच जण फसतात. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातला कडक, दाणेदार पांढरा तुकडा विरघळतो. गुळगुळीत कापलेल्या निळ्या किंवा गुलाबी पाट्या मिळतात, त्याही पॉलिस्टायरीनच्याच, त्याही विरघळतात. त्याच खोक्यात कधी बोटाने दाबला की परत वर येणारा लवचिक पांढरा फोम असतो. तो पॉलिथिलीनचा. तो विरघळत नाही, पण रंगही धरत नाही. आणि खिडकीच्या फटी भरायला डब्यातून फसफसत येणारा पिवळसर फोम पॉलियुरेथेनचा असतो. तो पूर्ण सुकला की त्यावर स्प्रे बिनधास्त मारा. लोंबणारी आतडी आणि कवटीतून उतू जाणारा मेंदू करायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. फक्त तो ओला असताना हाताला लावून घेऊ नका, पुढचे चार दिवस निघत नाही.

उपाय सोपा आहे, घाई नडते. थर्माकोलवर आधी पाण्यातल्या रंगाचं कवच चढवायचं. बाहेरच्या भिंतीला लावतात ते इमल्शन घ्या. बिल्डिंगला रंग दिला असेल तर तळाशी उरलेली बादली गच्चीच्या खोलीत असतेच. ब्रशने दोन हात, मध्ये चार तास. दुसरा हात सुकला की तुकडा उन्हाकडे तिरका धरा आणि दाण्यांमधल्या फटी बघा. सुईच्या टोकाएवढं भोक जरी राहिलं, तरी द्रावक तिथून आत जातं आणि वरची साल तशीच ठेवून आत गुहा करतं. माझ्या एका कबरीचं असं झालं होतं. बाहेरून टुणटुणीत, पण उचलायला गेले तर अंगठा आत गेला. तेव्हापासून फटींत लांबी (पुट्टी) भरते, ती सुकली की पॉलिश पेपर फिरवते, आणि वर तिसरा हात देते. मग स्प्रे, तोही धुक्यासारखा हलका. कवच आहे म्हणून एकदम ओलाचिंब थर दिलात तर ते द्रावक कवच मऊ करून पलीकडे जातंच.

कवचासाठी सुतारकामाचा पांढरा गोंद अनेक जण सुचवतात. घरातल्या वस्तूला चालतो. बाहेर नाही. मी दुसऱ्या वर्षी तोच वापरला होता. स्प्रे छान बसला, दोन दिवस सगळे कौतुक करून गेले, आणि तिसऱ्या संध्याकाळी परतीचा पाऊस आला. गोंद पुन्हा दुधासारखा पांढरा होऊन मऊ पडला आणि कबरीची कातडी मोज्यासारखी खाली घसरली. पुण्यात ऑक्टोबरमध्ये आभाळाचा भरवसा धरू नये. गोंदच वापरायचा असेल तर पाण्याला टिकणारा प्रकार मागून घ्या.

आता थोडं चुकीचं शिकवते. हे विरघळणं कामालाही येतं. कबरीचा जो भाग शाबूत हवा तिथे इमल्शनचे हात द्या आणि कडा, भेगा, एखादा कोपरा कोरा सोडा. मग करड्या रंगाचा हलका स्प्रे फिरवा. कोरा भाग खाल्ला जातो आणि दोनशे पावसाळे सोसलेल्या दगडासारखा दिसतो. हाताने कोरून असं होत नाही. उघड्यावरच करा, आणि तोच परिणाम मेणबत्ती किंवा लायटरने काढायला जाऊ नका. थर्माकोल पेटतो आणि त्याचा धूर फार वाईट असतो.

मार्च २०१८ च्या अधिसूचनेने राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली, त्यामुळे नवीन शीट आम्ही आणत नाही. घरोघरच्या खोक्यांतून जे येतं तेवढंच वापरतो. माझं मत विचाराल तर पुठ्ठ्याच्या कबरी आणि मडक्यांच्या कवट्या जास्त चांगल्या होतात. कुंभारवाड्यातून आणलेलं मडकं उलटं करायचं आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या रंगवायच्या. भाजलेली माती रंग पिते म्हणून आधी पाण्यातला प्रायमर, बाकी काही सोपस्कार नाहीत. भोपळ्यावरही स्प्रे बसतो. साल स्पिरिटने पुसून मेणचटपणा काढला की झालं. मात्र रंगवलेल्या भोपळ्याची नंतर भाजी करू नका. हे सांगावं लागलं होतं, म्हणून सांगते.

आठ दिवस झाले, अजून बोटाला चिकटतंय

ही तक्रार सगळ्यात जास्त येते आणि तिची दोन वेगळी कारणं आहेत. आधी ती ओळखा, कारण एकाचा उपाय दुसऱ्याला लावला तर चिखल होतो.

वस्तू कडक असेल, म्हणजे लाकूड, पत्रा, पुठ्ठा, मडकं, तर थर जाड झालाय. तेलरंगाच्या जातीचा स्प्रे हवेतला ऑक्सिजन घेत वरून खाली घट्ट होतो. जाड थराची वरची साय आधी धरते आणि खालचा रंग कोंडून राहतो. वस्तू उबदार, वारं खेळणाऱ्या जागी ठेवा आणि आठवडाभर विसरा. जिन्याखालच्या दमट कोपऱ्यात ठेवली तर महिना लागेल.

वस्तू लवचिक असेल, म्हणजे रविवार पेठेतून किंवा तुळशीबागेतून आणलेली ‘रबरी’ वटवाघळं, साप, पाली, तुटलेले हात, तर थांबून काही उपयोग नाही. ही बहुधा रबराची नसतातच, मऊ पीव्हीसीची असतात. नव्या रेनकोटला येतो तो वास त्यांना येतो. पीव्हीसी मुळात कडक, ते वाकावं म्हणून त्यात तेलकट प्लास्टिसायझर मिसळलेलं असतं. ते आत स्वस्थ बसत नाही, हळूहळू पृष्ठभागावर झिरपतं आणि वरच्या रंगाच्या थरात शिरून त्यालाही मऊ करतं. म्हणजे तुमचा रंग वाळला होता, प्लास्टिकने तो पुन्हा चिकट केला. अशा वेळी वरून आणखी एक थर मारणं म्हणजे झिरपायला आणखी जागा देणं.

दोन्हीतला फरक कळायला एक साधी खूण आहे. लपलेल्या जागी रोज नख टेकवा. दिवसागणिक ठसा कमी होत असेल तर थर जाड होता. पहिल्या दिवशी बरं होतं आणि दहाव्या दिवशी जास्त चिकट झालं, तर दोष प्लास्टिकचा.

मऊ पीव्हीसीला तेलरंगाचा स्प्रे लावायचाच नाही. भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात घासून धुवा, वाळवा आणि पाण्यातला अ‍ॅक्रिलिक रंग ब्रशने द्या. फॅब्रिक कलर तर फारच छान, वस्तूबरोबर वाकतो आणि तडकत नाही. चमक किंवा सोनेरी छटा हवी असेल तरच अ‍ॅक्रिलिकच्या थरावर स्प्रेचा अगदी ओझरता हात.

आणि ज्यांची वटवाघळं आधीच चिकट झाली आहेत त्यांनी थिनरने पुसू नये, प्लास्टिक आणखी बरबटतं. त्यावर टाल्कम पावडर भुरभुरवा आणि मऊ ब्रशने झटका. चिकटपणा तात्पुरता जातो आणि वटवाघूळ शंभर वर्षं बंद वाड्यात लटकल्यासारखं धुळकट दिसतं. ही युक्ती मला अपघाताने सापडली आणि आता मी नव्या वटवाघळांवरही करते.

माळ्यावर ठेवतानाही पावडर लावूनच ठेवा, मध्ये बटर पेपर घाला. वर्तमानपत्रात गुंडाळू नका. आमच्याकडच्या एका वटवाघळाच्या पोटावर मागच्या वर्षीचा मथळा उलट्या अक्षरांत छापला गेलाय. आरशात धरला तर भाजीच्या भावाची बातमी वाचता येते.

रंग वाळला, पण पोपडे निघतात

वस्तू उलटी करा. बुडाशी बहुधा तीन बाणांचा त्रिकोण आणि आत आकडा असतो. २, ४ किंवा ५ असेल तर ते पॉलिथिलीन नाहीतर पॉलिप्रोपिलीन. बादल्या, आइस्क्रीमचे डबे, टेरेसवरच्या कुंड्या याच घरातल्या. त्यांवर पाण्याचा थेंब टाकला तर तो पसरत नाही, मोत्यासारखा बसून राहतो. रंगाचंही तसंच होतं. १८० किंवा २२० नंबरच्या पॉलिश पेपरने चमक जाईपर्यंत घासा, स्पिरिटने पुसा, आणि प्लास्टिकसाठीचा प्रायमर आधी मारा. त्याशिवाय मारलेला रंग मुलांनी एकदा हातात घेतला की पापडासारखा सुटतो. त्रिकोणात ३ असेल आणि वस्तू मऊ असेल तर वरची वटवाघळं पुन्हा वाचा. ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, मग ते थर्माकोल असो की पातळ कडक मुखवटा. मुखवट्याला खड्डे पडत नाहीत, पण जाड थराने त्याला भेगा जातात.

दुसरा हात दिला आणि सुरकुत्या आल्या

पहिला थर अर्धवट वाळलेला असताना दुसऱ्याचं द्रावक त्याच्या सालीतून आत गेलं, खालचा रंग फुगला आणि साल गोळा झाली. डब्यावर लिहिलेलं असतं, अमुक तासाच्या आत दुसरा हात द्या नाहीतर अमुक तासांनंतर द्या. अनेक डब्यांवर हे गणित ‘तासाभराच्या आत किंवा २४ तासांनंतर’ असं काहीसं असतं. मधल्या वेळात डब्याला हात लावायचा नाही. जेवून आल्यावर ‘जरा अजून मारू’ म्हणणारा माणूस नेमका त्याच वेळात सापडतो. सुरकुत्या आल्या असतील तर पूर्ण सुकू द्या, घासा, नव्याने मारा. किंवा तसंच राहू द्या. आमच्या मुंज्याचा पिंपळ अशाच फसलेल्या तपकिरी थरातून झाला आहे आणि त्याची साल बघायला लोक वाकतात.

पांढुरकं धुकं, किंवा हाताला खरखरीत

दोन्ही वेळेच्या चुका आहेत. द्रावक भरभर उडतं तेव्हा पृष्ठभाग गार पडतो. हवा दमट असली तर त्या गार पृष्ठभागावर बाष्प बसतं आणि रंगाच्या थरात अडकतं. काळा रंग राखाडी दिसायला लागतो. पाऊस थांबल्या थांबल्या, पहाटेच्या दवात किंवा दिवे लागल्यावर रंगकाम काढलंत की हे होतं. उन्हाळी कोरड्या हवेत हलकासा नवा थर दिला की बहुतेक वेळा धुकं जातं.

खरखरीतपणा उलटा. भर दुपारी तापलेल्या पत्र्यावर किंवा फार लांबून मारलं तर रंगाचा कण वाटेतच वाळतो आणि पिठासारखा येऊन बसतो. अंतर २५ ते ३० सेंटीमीटर ठेवा, म्हणजे माझी एक वीत आणि वर चार बोटं. जवळून मारलं तर ओघळ. हात वस्तूच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवायचा, मधेच बोट दाबलं की तिथे ठिपका पडतो. ऑक्टोबरात मी सकाळी अकरा ते एक ही वेळ धरते: दव गेलेलं असतं, वारा अजून सुटलेला नसतो, आणि इमारतीच्या सावलीत जागा मिळते.

नोझल थुंकतंय

डबा पुरेसा हलवलेला नाही. आतली गोळी खडखडायला लागल्यानंतर एक-दोन मिनिटं हलवायचा. खडखड सुरू झाली म्हणजे काम झालं असं नाही. काम संपलं की डबा उलटा करून नुसता वायू येईपर्यंत दाबा, नोझल साफ राहतं. तुंबलंच तर नोझल काढून थिनरमध्ये बुडवा. डब्याच्या तोंडात टाचणी खुपसू नका, आत दाब आहे. याच कारणासाठी डबे उन्हातल्या गाडीत ठेवू नयेत. ५० अंशांच्या वर नेऊ नका असं डब्यावर लिहिलेलं असतं, आणि बंद गाडीत ते गाठायला फार वेळ लागत नाही.

‘रेडियम’ रंग अंधारात चमकत नाही

आपण सगळ्यालाच रेडियम म्हणतो. भडक पोपटी किंवा नारिंगी फ्लुरोसंट रंग अंधारात स्वतः चमकत नाही, त्याला जांभळी अतिनील ट्यूब लागते, आणि उन्हात तो काही आठवड्यांत फिकटतो. दिवा घालवल्यावर चमकणारा रंग वेगळा आणि महाग. दोन्हींखाली पांढरा थर द्या, काळ्यावर थेट मारून पैसे घालवू नका.

गाडीवर ठिपके

हे लक्षण वस्तूवर दिसत नाही, सोसायटीच्या फलकावर दिसतं. स्प्रेचं धुकं वाऱ्याबरोबर लांब जातं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या पांढऱ्या गाडीला आमच्या कवट्यांचा करडा रंग लागला, तेव्हा सकाळी फलकावर सूचना होती: ‘भुतांनी आपापल्या रंगाची सोय आपापल्या थडग्यात करावी.’ अक्षर ओळखीचं होतं. तेव्हापासून फ्रिजचं मोठं खोकं एका बाजूने कापून त्याच्या आत वस्तू ठेवून मारतो, तेही गाड्यांकडे वारा नसताना. खोकं उघड्यावरच हवं, बाल्कनीत किंवा बंद गॅरेजमध्ये नाही. तोंडाला एन-९५ लावून निश्चिंत होऊ नका, तो रंगाचे कण अडवतो पण द्रावकाची वाफ नाही. त्यासाठी कोळशाचं काडतूस असलेला मास्क लागतो. मुलांना हलवाहलवी करू द्या, स्प्रे मोठ्यांनी मारा.

आणि दिवाळी. २०२४ मध्ये ३१ ऑक्टोबरलाच नरक चतुर्दशी आली होती. एका बाजूला मुलांचा किल्ला आणि पणत्या, दुसऱ्या बाजूला आमचं स्मशान, आणि मधे कोणीतरी मुंज्याला शेवटचा हात मारायला डबा घेऊन निघालेलं. वायू आणि द्रावक दोन्ही पेट घेतात. मी डबा काढून घेतला आणि मुंजा त्या वर्षी अर्धाच रंगवलेला उभा राहिला. रिकामे डबे भोक न पाडता, न जाळता, कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना सांगून वेगळे द्या.

भोक पडलेली ती पहिली कबर अजून आहे. ‘४’च्या मागे लाल बल्ब लावतो.